नाताळची सुटी आणि परदेशी एकटे राहिलेले आपले लेकरू





डिसेंबर महिना आपल्या घरात दोन तारखांनी ओळखला जातो. ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर जातो, ज्यांना जमत नाही ते वस्तीतल्या विहारात मेणबत्ती लावतात. २५ डिसेंबरला महाडची आठवण काढतो, कारण १९२७ साली त्याच दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. आता काही घरांच्या बाबतीत या महिन्याला एक काळजीही चिकटली आहे. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला गेली आहे, त्या आईबापांना नाताळ जवळ आला की वाटू लागते, 'तिकडे सगळे बंद असेल, पोर एकटे काय करत असेल, काय खात असेल?'

राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांच्यामुळे हमालाचे, सफाई कामगाराचे, धुणीभांडी करणाऱ्या बाईचे लेकरू विमानात बसू लागले आहे. बरीच मुले इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जर्मनीला जातात. काही फ्रान्सलाही जातात, कारण तिकडच्या सरकारी विद्यापीठांची फी इंग्लंड-अमेरिकेच्या मानाने कमी असते आणि वरच्या वर्गांचे बरेच अभ्यासक्रम इंग्रजीतूनही आहेत. जाण्यापूर्वी आपण फी, व्हिसा, तिकीट, गरम कपडे, मसाल्याचे डबे अशी सगळी यादी करतो. पण नाताळच्या पंधरा दिवसांची तयारी त्या यादीत कोणी लिहीत नाही. आज त्याच विषयावर बोलायचे आहे.

घरात बसून होणारा सण

आपण मुंबईत नाताळ पाहिला आहे तो वांद्रे-माहीमच्या रस्त्यांवरचा. चांदण्यांचे कंदील, केकची दुकाने, चर्चबाहेरची गर्दी. त्यामुळे आपल्याला वाटते की युरोपात तर त्या दिवशी जत्राच भरत असेल. जत्रा असते, पण ती आधी. स्ट्रासबुर्ग शहरातला नाताळचा बाजार १५७० सालापासून चालत आला आहे. लियों शहरात ८ डिसेंबरला लोक खिडक्यांत दिवे लावतात, तो रिवाज १८५२ सालापासूनचा, आणि त्या दिवसांत शहरभर रोषणाई पाहायला लाखो माणसे येतात. पण २४ डिसेंबरची संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडतात. दुकाने लवकर बंद होतात, गाड्या कमी होतात, आणि जो तो आपल्या घरी जाऊन दार लावून घेतो. त्या रात्रीच्या जेवणाला 'रेव्हेय्यों' म्हणतात. आजी-आजोबा, लेकी-जावई, नातवंडे सगळी एका टेबलावर बसतात. कालवे, टर्की पक्ष्याचे मांस, चेस्टनटची फळे, आणि शेवटी लाकडाच्या ओंडक्याच्या आकाराचा केक. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, पुन्हा घरातच. पॅरिसचे जगप्रसिद्ध लूव्र संग्रहालयसुद्धा २५ डिसेंबरला बंद असते.

हे फक्त धर्मामुळे होते असे समजू नका. फ्रान्सने १९०५ सालीच कायदा करून चर्च आणि सरकार वेगळे केले. तिथे चर्चमध्ये कधीही न जाणारी पुष्कळ माणसे आहेत. पण तीही नाताळला आईच्या घरी जातात. गणपतीला चाकरमानी कोकणात गेले की परळ-लालबागच्या काही चाळींत जिन्यावर पाऊल वाजत नाही. आख्खा देश तसा झाला तर कसे वाटेल, याची कल्पना करा. आणि त्या रिकाम्या चाळीत आपले एक लेकरू खोलीत बसलेले आहे.

विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातही तेच होते. फ्रेंच मुले बॅग भरून गावी जातात. जवळच्या देशांतली मुले रेल्वेने घरी पोचतात. बहुतेक विद्यार्थी-खानावळींना सुटी असते, ग्रंथालयांना सुटी असते. आपल्या पोरांना त्या दिवसांत विमानाचे तिकीट परवडत नाही. त्यात हिवाळा असा की लियोंमध्ये सकाळी सव्वाआठनंतर उजाडते आणि संध्याकाळी पाचला अंधार पडतो. ढगाळ हवा असली तर सूर्य दिसतच नाही. ज्या पोरीने जन्मभर दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत झोप घेतली, तिला पहिल्यांदा कळते की शांतता कानाला टोचते.

एका लेकीची गोष्ट

आमच्या भागातली एक मुलगी २०२२ साली लियोंला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी गेली. वडील गोदीत कामाला होते, आता नाहीत. आई एका दवाखान्यात सफाईचे काम करते. शिक्षण पूर्ण करून ती परत आली तेव्हा विहारात तिचा सत्कार ठेवला होता. सत्काराच्या भाषणात मुले मोठमोठ्या इमारतींची वर्णने करतात. हिने मात्र पहिल्या नाताळची हकिकत सांगितली. समोर बसलेल्या बायकांनी डोळ्याला पदर लावला, आणि तिची आईही तेव्हाच ती पहिल्यांदा ऐकत होती. तिच्या परवानगीने, नाव न देता, ती इथे देतो.

वसतिगृह १९ तारखेपासून रिकामे होऊ लागले. ती ज्या मजल्यावर राहात होती तिथे वीस खोल्या, त्यांतल्या दोन-तीनच दारांखाली उजेड दिसे. शहरातल्या भारतीय विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅपवर एक गट होता. त्यांनी २४ तारखेला एकत्र जेवण ठरवले. हिनेही नाव दिले. मग एकाने सहज विचारावे तसे विचारले, 'तुझे पूर्ण नाव काय? गाव कोणते? स्कॉलरशिप कुठली?' हिने सरळ उत्तर दिले. त्यावर कोणी वाईट बोलले नाही. फक्त एकाने हसण्याचे चिन्ह टाकून लिहिले, 'म्हणजे सरकारी जावई.' दोघा-तिघांनी त्याला हसून दाद दिली. हिने फोन खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कळवले की ताप आलाय, येत नाही.

आईचा फोन आला तेव्हा तिने सांगितले, 'मैत्रिणींकडे चाललेय गं, मोठी पार्टी आहे.' आईने विचारले, 'जेवायला काय हाय?' तिने मनाने पदार्थ सांगितले. आईने ते शेजारणींना सांगितले. शेजारणी म्हणाल्या, 'पोरीनं नाव काढलं.' आणि पोरीने त्या रात्री खोलीत मॅगी करून खाल्ली. तिकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतात. आई पहाटेच्या पाळीसाठी झोपलेली. कोणाला उठवायचे? तिने सांगितले, "काका, मला भूक किंवा थंडी यांचे काही वाटले नाही. मला वाटत राहिले की मी आत्ता या खोलीत मेले तर ५ जानेवारीला कॉलेज उघडेपर्यंत कोणाला कळणार नाही."

बंधू-भगिनींनो, हे वाक्य वीस-बावीस वर्षांच्या, नेहमी पहिला नंबर काढणाऱ्या मुलीचे आहे. आपण त्याकडे 'पोरगी हळवी आहे' म्हणून दुर्लक्ष करता कामा नये.

२५ तारखेला संध्याकाळी तिच्या दारावर टकटक झाली. दोन खोल्या सोडून राहणारी सेनेगल देशाची मुलगी होती. ती मुसलमान, तिचाही नाताळ नव्हता. तिच्याकडे मीठ संपले होते. मीठ द्यायला ही गेली आणि दोघींनी मिळून भात केला. तिचा भात मासळीचा, हिची डाळ आपल्या पद्धतीची. मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या फ्रेंचमध्ये बाराएक वाजेपर्यंत गप्पा झाल्या. 'त्या मिठाने मला वाचवले,' असे ती म्हणाली तेव्हा विहारात कोणी हसले नाही.

खोटे का बोलावे लागले?

या हकिकतीत तीन प्रश्न आहेत. पहिला, मुलगी आईशी खोटे का बोलली? तिचा स्वभाव खोटे बोलण्याचा नाही. तिला माहीत होते की आई खरे ऐकून झोपणार नाही, कामावर चक्कर येऊन पडेल. शिवाय आपण परदेशी गेलेल्या पोराला नकळत सगळ्या वस्तीची मान बनवतो. त्याचा फोटो विहाराच्या फलकावर लागतो. मग त्या फोटोतल्या पोराने रडायचे कुठे?

आपल्यापैकी काही जणांची दुसरी सवय आहे. पोराने जरा कुठे जड जाते म्हटले की आपण लगेच म्हणतो, 'बाबासाहेबांनी किती सोसले! तुला काय धाड भरलीय?' बाबासाहेबांनी सोसले हे खरेच. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला होते, पुढे १९२० ते १९२३ लंडनला. अर्धपोटी राहून त्यांनी अभ्यास केला. इकडे परळच्या चाळीत माता रमाईने कसे दिवस काढले ते आपण जाणतोच. पत्र आगबोटीने जायचे आणि उत्तराला आठवडे लागायचे. पण त्यांनी हे सोसले ते आपल्या लेकरांना तसे सोसावे लागू नये म्हणून. त्यांच्या दुःखाची छडी करून आपण आपल्याच पोरांच्या पाठीत मारू नये. बाबासाहेबांची आठवण पोराला धीर देण्यासाठी काढावी, गप्प बसवण्यासाठी नव्हे.

दुसरा प्रश्न आडनावाचा. परदेशी गेले की जात सुटते असे आपल्याला वाटते. विमानतळावर बॅगा तपासतात, मने तपासत नाहीत. म्हणून आपली मुले परदेशात भारतीय माणूस दिसला की आनंदतात आणि त्याच वेळी आतून सावधही होतात. सगळे तसे नसतात, हेही सांगितले पाहिजे. चांगली माणसे भेटतात, जातीबाहेरची जिवाभावाची मैत्री होते. पण मुलांना आधीच सांगून ठेवा की असा प्रसंग आला तर लाज आपल्याला वाटण्याचे कारण नाही. शिष्यवृत्ती हा उपकार नाही, हक्क आहे, आणि ती मिळवायला गुण लागतात. ज्या टेबलावर आपला अपमान होतो तिथे जेवायला गेलेच पाहिजे असे नाही. मात्र एका टेबलाने पाठ फिरवली म्हणून सगळ्या जगाकडे पाठ करून खोलीत बसू नये. त्याच मजल्यावर मीठ मागायला येणारे कोणीतरी असते.

आपल्याला हे नवे नाही

तिसरा प्रश्न सणाचा. दुसऱ्याच्या सणात एकटे पडणे हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतल्यावर आपल्या आजा-आजींनी देव्हारे रिकामे केले, जुने सण सोडले. ते धाडसाचे काम होते. पण त्याची किंमत लहान मुलांनीही दिली. दिवाळीला सगळ्या चाळीत कंदील, फराळ, फटाके, आणि आपले पोर उंबऱ्यात बसून बघते आहे, हे दृश्य आपल्यातल्या किती घरांनी पाहिले असेल! तेव्हा आपल्या आयाबायांनी काय केले? त्यांनी पोराला नुसते 'तो सण आपला नाही' असे सांगून सोडले नाही. १४ एप्रिलला नवे कपडे आणले, दारात रांगोळी काढली, गोडधोड केले. वैशाख पौर्णिमेला खीर केली. सण नाकारला त्या जागी आपला दिवस उभा केला. म्हणून आपली मुले पोरकी झाली नाहीत.

परदेशी गेलेल्या लेकरालाही तेच सांगायचे आहे. २५ डिसेंबर हा रिकामा दिवस नाही. तो आपलाही दिवस आहे, आणि गंमत अशी की त्याचा फ्रान्सशी थेट संबंध आहे.

महाडच्या त्या परिषदेत बाबासाहेबांनी भाषणात कोणती आठवण काढली? फ्रान्सची. १७८९ साली व्हर्साय येथे फ्रेंच राष्ट्रसभा भरली, तिने जुनी विषम समाजरचना मोडून नव्या समाजाचा पाया घातला. आपली ही सभाही त्याच कामासाठी आहे, अशा अर्थाचे ते बोलले. तळपत्या चवदार तळ्याच्या गावी, मुंबईहून आगबोटीने आणि खेड्यापाड्यांतून पायी आलेल्या, अंगभर कपडा नसलेल्या माणसांना बाबासाहेब सांगत होते की तुमची ही सभा फ्रान्सच्या राष्ट्रसभेच्या तोडीची आहे. जन्माने सर्व माणसे समान आहेत, असा ठराव तिथे झाला आणि रात्री मनुस्मृती जाळली गेली.

फ्रान्समध्ये नगरपालिकांच्या इमारतींवर तीन शब्द कोरलेले दिसतात: स्वातंत्र्य, समता, बंधुता. तिकडच्या नाण्यांवरही ते आहेत. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतही ते आहेत. पण ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की ही तत्त्वे मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, माझे गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. आणि तिन्हींत बंधुतेला त्यांनी फार वरचे स्थान दिले, कारण बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता टिकत नाहीत. धम्मात तिलाच आपण मैत्री म्हणतो. आपली लेक लियोंच्या नगरपालिकेसमोरून जाते तेव्हा तिने हे शब्द परक्याचे म्हणून वाचू नयेत.

दुसऱ्या वर्षी काय झाले?

त्या मुलीने दुसरा नाताळ, म्हणजे २०२३ चा, निराळा घालवला. फ्रान्समध्ये 'पेती फ्रेर दे पोव्र' नावाची संस्था आहे. अर्थ असा की गरिबांचे धाकटे भाऊ. १९४६ साली आर्मां मार्किझे यांनी ती काढली. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ती काम करते. आधी फूल, मग भाकरी असे तिचे सूत्र. म्हणजे माणसाला नुसते अन्न देऊ नका, त्याला माणूस म्हणून भेटा. दरवर्षी नाताळला या संस्थेचे स्वयंसेवक हजारो वृद्धांना जेवायला बोलावतात, किंवा ज्यांना हलता येत नाही त्यांच्या घरी जेवण घेऊन जाऊन सोबत बसतात.

तेव्हा एकटेपणा फक्त परक्या विद्यार्थ्याला असतो असे नाही. श्रीमंत देशातही म्हातारी माणसे एकेकट्या घरांत राहतात. २००३ सालच्या ऑगस्टमध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे दगावली. त्यांत वृद्ध फार होते, आणि कित्येकांच्या घरात दुसरे कोणी नव्हते. नाताळच्या रात्री अशा माणसाला आपल्या पोरीसारखेच वाटत असणार.

आमच्या मुलीने स्वयंसेवक म्हणून नाव दिले. तिला एका नव्वदीच्या आजीकडे पाठवले. सोबत एक फ्रेंच गृहस्थ होते. आजीला कमी ऐकू येई आणि हिला फ्रेंच कमी येई, त्यामुळे जमले चांगले! आजीने तिला 'पापियोत' दिले. लियोंकडचा तो नाताळचा खाऊ. चमकत्या कागदात गुंडाळलेले चॉकलेट आणि आत छापील सुविचाराची चिठ्ठी. आजीने विचारले, 'तुझ्या घरी आज काय असते?' हिने जमेल तसे सांगितले, की माणसाला माणसापेक्षा हलके ठरवणारे एक पुस्तक आमच्या माणसांनी आजच्याच दिवशी जाळले. आजी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, 'बरे केले.' आता त्या आजीला मनू कोण ते काय ठाऊक? पण माणसाला हलके ठरवणे म्हणजे काय, ते ठाऊक असावे. त्या पिढीने हिटलरचे सैन्य आपल्या गल्लीत पाहिले आहे.

फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हांस भागात नाताळच्या जेवणाला एक ताट जास्त मांडण्याची जुनी चाल आहे. ते ताट दारावर येईल त्या गरिबाचे. चांगली चाल कोणत्या धर्मात आहे हे आपण पाहात नाही. चांगली आहे ना, मग घ्यावी.

आता करायचे काय?

आधी परदेशी असलेल्या मुला-मुलींसाठी.

एक, नोव्हेंबरमध्येच चौकशी करा. वसतिगृहात कोण राहणार, खानावळ कधी बंद, दुकाने कधी बंद. २४ तारखेच्या दुपारपर्यंत तांदूळ, डाळ, भाजी, औषधे खोलीत असू द्या. तिकडे अरब लोकांची छोटी किराणा दुकाने सणावारीही उशिरापर्यंत उघडी असतात. पॅरिसमध्ये ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकाने आहेत, तिथे आपला सगळा मसाला मिळतो.

दोन, आपल्या धम्माचे दार शोधा. व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून १९७५ नंतर आलेल्या हजारो कुटुंबांमुळे फ्रान्समध्ये बौद्धांची मोठी वस्ती आहे. पॅरिसजवळ ल बुर्जे येथे श्रीलंकेच्या भिक्खूंचे विहार आहे. दक्षिण-पश्चिमेला तिक न्हात हान्ह यांनी १९८२ साली स्थापन केलेले प्लम व्हिलेज आहे. आपल्या इगतपुरीच्या धम्मगिरीशी नाते असलेले 'धम्म मही' हे विपश्यना केंद्र बर्गंडी भागात आहे. नाताळच्या सुटीआधी पत्र पाठवून विचारले तर जागा आहे की नाही ते कळते. भाषा न समजली तरी 'बुद्धं सरणं गच्छामि' सगळीकडे समजते.

तीन, सेवेला नाव द्या. वर सांगितलेली संस्था आहे. शिवाय कोल्युश या विनोदी नटाने १९८५ साली सुरू केलेल्या 'रेस्तो द्यू कर', म्हणजे हृदयाच्या खानावळी, हिवाळ्यात गरिबांना मोफत अन्न देतात. तिथे वाढायलाही जाता येते, आणि पैसे संपले असतील तर घ्यायलाही. घेण्यात कमीपणा नाही.

चार, मन फारच खचले, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर लाजू नका. फ्रान्समध्ये २०२१ सालापासून ३११४ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू आहे. तातडीच्या मदतीला ११२. आपल्याकडे अशा मदतीसाठी सरकारचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो घरच्यांनीही लिहून ठेवावा.

आता आईवडिलांसाठी.

फोनवर पहिला प्रश्न 'अभ्यास कसा चाललाय' हा नको. 'आज कोणाशी बोललास?' हा असू द्या. आणि तो 'कोणाशीच नाही' म्हणाला तर घाबरून रडू नका, उपदेशही करू नका. ऐका. पोराला एकदा कळले की आई खरे ऐकून घेते, मग ते खोटे बोलत नाही. २४ तारखेला घरातल्या एकाने रात्री साडेबारापर्यंत जागे राहावे. आईची पहाटेची पाळी असेल तर भावाने जागावे, मामाने जागावे. तेवढा एक फोन. त्या वेळी तिकडे सगळ्या खिडक्यांत जेवणे चाललेली असतात आणि आपले पोर रस्त्यावरून एकटे चाललेले असते.

वस्तीतल्या मंडळांना माझी विनंती आहे की २५ डिसेंबरला विहारात मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम होतो, त्यात परदेशी असलेल्या आपल्या मुलांना फोनवरून सामील करून घ्या. आपल्याकडे संध्याकाळी सहा म्हणजे फ्रान्सला दुपारचा दीड. त्यांना पाच मिनिटे बोलू द्या. भाषण नको, आज काय खाल्ले, बाहेर थंडी किती, एवढे सांगितले तरी पुरे. विहारातल्या लहान मुलांना जग कळेल, आणि तिकडच्या लेकराला कळेल की माझे नाव फक्त फलकावर नाही.

आणखी एक. आपल्याच शहरात, आपल्याच शासकीय वसतिगृहात, दिवाळीच्या सुटीत गावी न जाऊ शकलेली मुले असतात. कोणाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, कोणाला आईबापच नाहीत. मेस बंद झाल्यावर ती वडापाववर दिवस काढतात. त्यांना फ्रान्सला जावे लागत नाही, ती इथेच परदेशात असतात. या वर्षी सुटी लागली की प्रत्येक वस्तीने जवळच्या वसतिगृहात जाऊन विचारावे की मागे कोण राहिले आहे. एका घराने एक मूल जेवायला न्यावे. त्याचे आडनाव विचारू नये. त्याला मीठ पुरते का, एवढेच विचारावे.

१७८९ सालचे फ्रेंच आणि १९२७ सालचे महाडचे आपले लोक यांनी समता कागदावर लिहिली, ते मोठ्या माणसांचे काम होते. बंधुता मात्र ताटात वाढावी लागते, आणि ते काम तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसांच्या हातचे आहे.

भवतु सब्ब मंगलम्!

जयभीम!